दीदी, ईस्टरला काय करायचं?

दहावी-बारावीचे पेपर संपले की गावातल्या पोरापोरींना एकदम मोकळे दिवस मिळतात. निकालाला वेळ असतो, सीईटीवाले सोडले तर कुणी पुस्तकाला हात लावत नाही आणि दुपार काही सरत नाही. नेमकं ह्याच दिवसांत एखाद्या रविवारी उपासना संपताना पाळक साहेब सांगतात, ‘‘ईस्टर जवळ आलाय. मुलांचं काय ते तरुणांनी बघावं.’’ झालं! हे बघणारे तरुण म्हणजे बहुतेक वेळा नुकतीच बारावी दिलेली एक मुलगी, तिची धाकटी बहीण आणि ढोलकी वाजवणारा एखादा दादा. पुढच्या रविवारी शब्बाथ शाळेतली चिल्लीपिल्ली तिला घेरतात, ‘‘दीदी, ईस्टरला काय करायचं?’’

मुरूम असो, उमरगा असो नाहीतर हद्दीपलीकडचं आळंद किंवा बसवकल्याण, छोट्या मंडळींमध्ये थोड्याफार फरकानं हेच चालतं. शहरातल्या मोठ्या चर्चकडे मुलांसाठी वेगळी खोली, प्रोजेक्टर, छापील पुस्तकं असतात. इकडे एक हॉल, दोन सतरंज्या आणि तीन ते तेरा वयाची सगळी पोरं एकाच घोळक्यात. म्हणून हा लेख त्या दीदीसाठी आणि दादासाठी. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही. गणपतीत नाहीतर जयंतीत लहान पोरांची जबाबदारी ज्यांच्या अंगावर पडते, त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

पहिली गोष्ट, नाताळ सोपा असतो. गोठा, बाळ, मेंढपाळ, तारा. तीन वर्षांचं पोरही मेंढरू होऊन उभं राहिलं की टाळ्या पडतात. ईस्टरचं तसं नाही. त्या एका आठवड्यात मित्राचा दगा आहे, रात्रीची अटक आहे, खोटी साक्ष, मारहाण, मृत्यू आणि दफन आहे. त्यानंतर कुठे रविवारची पहाट येते. हे सगळं लहान मुलांना कसं सांगायचं, हा प्रश्न अवघड आहे. मग बहुतेक जण तो टाळतात आणि थेट रंगीत अंड्यांवर उडी मारतात. मोबाइलवर ‘ईस्टर ॲक्टिव्हिटी’ शोधलं की ससे, टोपल्या आणि हिरवळीवर धावणारी गोरी पोरं दिसतात. एप्रिलमध्ये आपल्याकडे हिरवळ कुठली? पारा चाळिशीला टेकलेला असतो. चॉकलेटची अंडी लपवायला जाल, तर पोरांना सापडेपर्यंत त्यांचं सरबत झालेलं असेल.

तारीख आधी बघा

ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतो, हे मुलं हमखास विचारतात. उत्तर आपल्या पंचांगाच्या फार जवळचं आहे. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. ही पौर्णिमा चर्चच्या जुन्या कोष्टकाप्रमाणे मोजतात, त्यामुळे आकाशातल्या पौर्णिमेशी क्वचित एखाद्या दिवसाचा फरक पडतो. या नियमानं ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मधेच कधीतरी येतो. म्हणूनच अनेकदा तो हनुमान जयंतीच्या आसपास असतो. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, हनुमान जयंती २ एप्रिलला, गुरुवारी आहे. दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार आणि ५ एप्रिलला ईस्टर. २०२४ मध्ये झावळ्यांचा रविवार आणि होळी एकाच दिवशी, २४ मार्चला आले होते.

हे नुसतं सामान्यज्ञान नाही. गावात कुठल्या दिवशी मिरवणूक आहे, मंडपवाला आणि स्पीकरवाला कुठे अडकलाय, कोणत्या मुलांचे पेपर कधी आहेत, हे बघूनच तालमी ठरवाव्या लागतात. २०२५ साली राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशा लावल्या होत्या आणि ईस्टर होता २० एप्रिलला. म्हणजे भर परीक्षेत सण. रोज संध्याकाळी तालीम ठेवणाऱ्यांकडे त्या वर्षी कुठल्या आईनं पोर पाठवलं असेल? शिवाय १४ एप्रिलच्या जयंतीची लेझीमही पुष्कळ ठिकाणी तीच पोरं खेळतात. तेव्हा पहिल्या बैठकीत नाटक, गाणी वगैरे नंतर. आधी कॅलेंडर आणि शाळेचं वेळापत्रक समोर ठेवा. आठवड्याला दोन तालमी, एक तासाच्या, पुरेत.

अंडं फोडायचं की नाही?

अंड्यावरून दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मंडळीत वाद होतो. वडीलधारे म्हणतात, हे बायबलमध्ये कुठाय? तरुण म्हणतात, केक तरी कुठाय? दोघांचंही बरोबर आहे. मध्ययुगीन युरोपात ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात अंडी खायची नाहीत, असा नियम होता. कोंबड्यांना काही उपवास माहीत नव्हता, त्या अंडी देत राहायच्या. मग साठलेली अंडी ईस्टरला उकडून, रंगवून वाटली जायची. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या घरखर्चाच्या हिशेबात ४५० अंडी सजवून वाटल्याची नोंद आहे. सशाची कथा जर्मन भाषकांकडची, ती स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेली आणि तिथून जाहिरातींनी जगभर नेली. आपल्या शेतातला ससा तिच्यात कधीच नव्हता, त्यामुळे तो वगळला तर काही बिघडत नाही.

अंडं मात्र ठेवावं असं माझं मत आहे. बाहेरून दगडासारखं, आत जीव. बंद कबरीची गोष्ट सांगायला याहून स्वस्त वस्तू मिळणार नाही. पण प्लॅस्टिकची अंडी ऑनलाइन मागवू नका. कांद्याची सालं पाण्यात उकळून त्यात अंडी उकडली की तांबूस-तपकिरी रंग येतो, हळदीत पिवळा. पाण्यात थोडं व्हिनेगर टाकलं तर रंग नीट धरतो. पोरांच्या हातात मेणबत्तीचा तुकडा द्या. उकडण्याआधी अंड्यावर मेणानं नाव लिहिलं, तर मेण पातळ होऊन थोडंफार निघून जातं आणि अक्षर पुसट येतं. म्हणून अंडी आधी उकडून, गार करून, मग मेणानं लिहायचं आणि गार झालेल्या रंगाच्या पाण्यात बुडवायचं. तेव्हा नाव पांढरं राहतं. एक काळजी घ्याच. आपल्या उन्हाळ्यात उकडलेलं अंडं बाहेर तासाभराहून जास्त ठेवू नये. पहाटे रंगवलेली अंडी दुपारच्या जेवणात वाढली, तर सणाचा शेवट दवाखान्यात व्हायचा. ज्या घरांत अंडं खात नाहीत, तिथल्या मुलांसाठी शेंगदाण्याची चिक्की लपवा. खरं तर सगळ्यांसाठीच चिक्की लपवली तरी एकही पोर तक्रार करणार नाही.

अंड्यापेक्षाही आपल्या मातीतली एक गोष्ट आहे, ज्वारी. झावळ्यांच्या रविवारी, यंदा २९ मार्चला, प्रत्येक मुलाला नारळाची करवंटी नाहीतर फुटकं मडकं आणायला सांगा. त्यात माती, मूठभर ज्वारी, वर थोडं पाणी. करवंटीवर मुलाचं नाव. घरी न्यायची, रोज पाणी शिंपडायचं, पुढच्या रविवारी परत आणायची. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तरच पीक देतो, हा येशूचा दाखला योहानाच्या शुभवर्तमानात आहे. आमच्याकडच्या पोरांना तो समजावून सांगावा लागत नाही, त्यांनी पेरणी बघितलेली असते. घटस्थापनेला शेजारच्या घरात हेच होतं, हेही ती सांगतील. सांगू द्या. एखाद्याची ज्वारी उगवणार नाही, तो रडेल. म्हणून दीदीनं आपल्या घरी चार करवंट्या जास्तीच्या लावून ठेवाव्यात.

दुसरं म्हणजे कबर. दिवाळीत किल्ला करणाऱ्या पोरांना ईस्टरला कबर करायला सांगितली, तर डोळे चमकतात. माती, दगड, विटांचे तुकडे, एका कोपऱ्यात बाग. गावाचं नावच मुरूम, तेव्हा भराव कुठून आणायचा ही चिंता नको. तोंडाशी गोल दगड हवा. तो किती जड असेल, हे कळायला कुणाच्या तरी आजीकडचं जुनं जातं दाखवा. वरची तळी एकट्यानं ढकलून बघा म्हणावं. मग रविवारी पहाटे कबरीकडे निघालेल्या बायका वाटेत एकमेकींना काय विचारत होत्या, ते त्यांना आपोआप कळतं. तो दगड आपल्यासाठी लोटणार कोण?

शुक्रवारचं काय?

उत्तम शुक्रवारची उपासना बऱ्याच ठिकाणी दुपारी बारा ते तीन चालते. वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात संदेश. मोठ्यांनाही घाम फुटतो, मग सात वर्षांच्या पोराला तिथे गप्प बसवून काय साधणार? पहिल्या संदेशानंतर मुलांना बाहेर झाडाखाली न्या, अर्धा-पाऊण तास त्यांची वेगळी बैठक घ्या आणि शेवटच्या प्रार्थनेला परत आणा. हे पाळक साहेबांना आणि पंचांना आधी विचारून ठेवा, म्हणजे ‘पोरं कुठं पळाली’ असं कुणी म्हणणार नाही.

गोष्ट वयाप्रमाणे सांगा. सहा-सात वर्षांच्या आतल्यांना फटके आणि खिळे दाखवायची गरज नाही. काही नाटकांत लाल रंगाची बाटली आणि पट्ट्याचे फटकारे असतात. ते करणाऱ्या पोरांना मजा वाटते, पण पुढच्या रांगेतलं बारकं रात्री झोपेतून दचकून उठतं. लहानांना एवढं पुरे: येशूला वाईट वागवलं, तो मेला, त्याचे मित्र फार रडले, त्याला एका बागेत पुरलं. दहा-बारा वर्षांच्यांसाठी मात्र पेत्र आहे. शेकोटीजवळ हात शेकत उभा असताना तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणणारा. वर्गातल्या मित्राला सगळे चिडवत असताना आपणही गप्प राहिलो, हे त्या वयात प्रत्येकानं केलेलं असतं. इथे तुमचं भाषण नको. गोष्ट सांगा आणि थांबा, मुलंच बोलायला लागतील. कोंबडा आरवण्याचं काम गावातले कोंबडे करतातच, वेळ चुकीची असली तरी!

आणि आता सगळ्यात अवघड भाग. रविवारी तुम्ही आनंदानं सांगता, ‘येशू मेलेल्यांतून उठला,’ आणि मागच्या सतरंजीवरून एक पोर विचारतं, ‘‘दीदी, मग माझे पप्पा कधी उठणार?’’

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न कल्पनेतला नाही. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या इथून वर्षानुवर्षं येताहेत. करोनानं किती घरं रिकामी केली, ते वेगळंच. २०२० च्या ईस्टरला, १२ एप्रिलला, चर्चला कुलूप होतं. त्या काळात वडील गेलेली तान्ही पोरं आज शब्बाथ शाळेत बसताहेत. तेव्हा कार्यक्रम ठरवताना सजावटीच्या यादीआधी एक दुसरी यादी करा. आपल्याकडच्या कोणत्या मुलाच्या घरी गेल्या काही वर्षांत कुणी गेलंय? त्याच्या आईला किंवा आजीला भेटून या. ‘‘मावशी, या आठवड्यात आम्ही मरणाची गोष्ट सांगणार आहोत, त्याला चालेल ना?’’ एवढंच विचारायचं.

प्रश्न आलाच तर गडबडून ‘ते झोपलेत’ म्हणू नका. लहान मूल त्यानंतर झोपायला घाबरतं. ‘देवाला आवडले म्हणून नेले’ हेही नको. मग देवाचाच राग येतो, आणि आपणही देवाला आवडलो तर, अशी भीतीही वाटते. साधा शब्द वापरा. पप्पा वारले, ते आता घरी येणार नाहीत. तुला त्यांची आठवण येते, आम्हालाही वाईट वाटतं. लाजराच्या कबरीपाशी येशूसुद्धा रडला होता. देव एक दिवस आपल्या माणसांना उठवील अशी आपली आशा आहे, पण तो दिवस कधी ते कुणाला माहीत नाही. एवढं सांगून त्याच्याजवळ बसा. लगेच गाणं लावू नका. अठरा-एकोणीस वर्षांच्या दीदीवर हे ओझं एकटीवर टाकणंही बरोबर नाही. त्या दिवशी पाळक किंवा एखादी अनुभवी बाई मुलांच्यात बसलेली असावी, हे मंडळीकडून आधी मान्य करून घ्या.

कोण काय होणार?

नाटक करायचं तर पात्रवाटप हीच मोठी परीक्षा. यहूदा व्हायला कुणी तयार नसतं, आणि जो होतो त्याला वर्षभर शाळेत त्याच नावानं हाका मारतात. हे पात्र मोठ्या दादाला द्या किंवा नुसतं निवेदनात ठेवा. मुलींना दरवर्षी पांढरा फ्रॉक घालून देवदूत करायचं, हेही आता पुरे. या गोष्टीत रिकामी कबर पहिल्यांदा बायकांनीच बघितली आणि बातमी त्यांनीच आणली. शिष्यांना ती आधी बडबड वाटली. मग्दालिया मरीया, जिला येशू आधी माळीच वाटला, ही या नाटकाची नायिका आहे. तिचे संवाद सगळ्यात हुशार मुलीला द्या. ती कन्नड घरातली असेल तर दोन वाक्यं कन्नडमध्ये बोलू दे, इथे कुणाला अडणार नाही.

इंग्रजी स्किट उतरवून काढण्यापेक्षा आपल्याकडचा खजिना उघडा. येशूची संपूर्ण गोष्ट, पुनरुत्थानासकट, मराठी ओव्यांत फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ सालीच छापून आणली होती. ‘क्रिस्तपुराण’ सुमारे ११ हजार ओव्यांचं आहे. एकोणिसाव्या शतकात नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केलं. पुढे नारायण वामन टिळकांनी भजनं आणि अभंग लिहिले, त्यातले कितीतरी ‘उपासना संगीत’मधून आजही गायले जातात. म्हणजे टाळ, चिपळ्या आणि ढोलकी घेऊन पोरांनी ईस्टरची गोष्ट सांगितली तर ती नवी टूम नाही, आपलीच जुनी रीत आहे. चौथीतला एखादा धीट गडी बुवा आणि बाकीचे टाळकरी, पाठांतर एकाचंच, गाणं सगळ्यांचं. तीन ते तेरा वयाच्या घोळक्याला यापेक्षा सोयीचा प्रकार मला सुचत नाही.

पात्रवाटपात आणखी एक गोष्ट हमखास राहते. मार्च-एप्रिलमध्ये ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परत यायला लागतात. दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन निघालेल्या घरांतल्या मुलांचा नाताळ फडावरच, कोपीत गेलेला असतो. ती ईस्टरला परत येतात तेव्हा नाटक बसलेलं असतं, ड्रेस वाटलेले असतात आणि त्यांना सतरंजीवर बसून बघावं लागतं. म्हणून शेवटच्या दिवशी आलेल्या मुलालाही करता येईल असं काम मुद्दाम शिल्लक ठेवायचं. झावळ्या घेऊन ओरडणारी गर्दी, दगड लोटणारे चार जण, शेवटच्या प्रसंगात समुद्रकिनारी जाळं ओढणारे शिष्य. त्या जाळ्यात १५३ मासे होते, असं बायबल नेमका आकडा देऊन सांगतं. कागदाचे १५३ मासे कापायचं काम दहा-बारा पोरांना दोन दुपारी पुरतं आणि मोजताना जी भांडणं होतात ती बघण्यासारखी असतात.

पहाट

५ एप्रिलला आपल्याकडे सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवेल. मुलांना पाचला उठवून आणायचं तर आदल्या रात्री कार्यक्रम ठेवू नका. पौर्णिमा होऊन तीनच दिवस झालेले असतील, त्यामुळे आकाश मोकळं असेल तर पहाटे पश्चिमेकडे मोठा चंद्र दिसेल. रस्त्यावरचे दिवे नसले तरी प्रभातफेरी निघू शकते. अनेक मंडळी ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात जाऊन आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. मुलांना तिथे जरूर न्या. भीती घालवायला याहून चांगली वेळ नाही. पण लहानांच्या हातात पेटती मेणबत्ती नको. सणाचे फ्रॉक नायलॉनचे असतात, भुर्रकन पेट घेतात. त्यांच्या हातात त्यांची ज्वारीची करवंटी द्या. आठवड्यात बोटभर आलेले हिरवे कोंब कबरीवर ठेवू दे.

परतल्यावर पहिली गोष्ट म्हणजे न्याहारी. तळ्याकाठी उठलेल्या येशूनं शिष्यांना आधी उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर मासे भाजून ठेवले होते, या, न्याहारी करा म्हणाला. आपल्याकडे सुशीला, उपमा, चहा. खर्चाचा आकडा फुगवायची गरज नाही. पंधरा-वीस मुलांचं सगळं हजार-पंधराशेत बसतं, महिला मंडळानं चूल सांभाळली तर त्याहूनही कमी.

काही साधे नियम आधीच ठरवून घ्या. मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं, एक बाई असायलाच हवी. कुणी एकट्यानं एखाद्या मुलाला गाडीवर सोडायला जायचं नाही. फोटो काढा, पण आईवडिलांना विचारल्याशिवाय स्टेटसला टाकू नका. शेजारची, दुसऱ्या धर्माची मुलं गंमत बघायला येतातच. त्यांच्या घरी जाऊन कार्यक्रम काय आहे ते सांगा, त्यांनी हो म्हटलं तरच बसवा. गावात एकमेकांची तोंडं रोज बघायची असतात.

ईस्टर संपला की दीदी दमून झोपते आणि पुढच्या रविवारी शब्बाथ शाळेला सुट्टी मिळते. ती देऊ नका. थोमाची गोष्ट त्याच रविवारची. पहिल्या दिवशी तो हजर नव्हता, आठ दिवसांनी येशू पुन्हा आला, तेव्हा खास त्याच्याशी बोलला. १२ एप्रिलला हजेरीची वही काढा आणि ईस्टरला कोण आलं नव्हतं ते बघा. कुणी आजारी असेल, कुणाचा बाप कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत फडावर थांबला असेल, कुणाकडे नवे कपडे नव्हते म्हणून ते घरातच बसलं असेल. दोघी-तिघींनी मिळून त्यांच्या घरी जा. जास्तीच्या चार करवंट्या असतील, त्या सोबत न्या.